‘पहिला कोण?’ याबरोबर ‘तोवर दार कोणी अडवले होते?’ हेही विचारा

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील क्रीडाविषयक प्रश्नमंजूषा आमच्या भागातील अनेक शिक्षक शालेय सामान्यज्ञान स्पर्धांसाठी वापरतात, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. गेल्या आठवड्याच्या मंजूषेत ‘कृष्णवर्णीय अग्रणी’ आणि ‘क्रीडाविश्वातील घोटाळे’ अशा दोन स्वतंत्र चौकटी होत्या. उत्तरे बहुतांशी बरोबर होती. माझी हरकत या विभागणीला आहे. पहिल्या चौकटीत ज्यांचा गौरव झाला, त्यांना वर्षानुवर्षे मैदानाबाहेर ठेवणारी माणसे आणि त्यांचे निर्णय दुसऱ्या चौकटीत यायला हवे होते. त्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

१९१९ च्या ‘ब्लॅक सॉक्स’ प्रकरणाचेच पाहा. अमेरिकी बेसबॉलच्या अजिंक्यपदाची, सिनसिनाटी रेड्सविरुद्धची वर्ल्ड सिरीज मुद्दाम हरण्यासाठी जुगाऱ्यांशी संगनमत केल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर झाला. (नावामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो, की हे आठही जण गोरे होते.) ऑगस्ट १९२१ मध्ये ज्युरीने खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष ठरवले, परंतु बेसबॉलचे पहिले आयुक्त, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी दुसऱ्याच दिवशी आठही जणांना कायमचे बाहेर काढले. आपल्या मंजूषेने लँडिस यांची ओळख ‘खेळ स्वच्छ करणारे आयुक्त’ अशी करून दिली आहे, आणि इथेच खरा प्रश्न राहून गेला आहे. लँडिस १९२० पासून नोव्हेंबर १९४४ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर होते आणि त्या सबंध काळात मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक पातळीवरच्या, एकाही संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. असा नियम कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता. संघमालकांचा तो आपसातला अलिखित समझोता होता. ज्या १९२० साली ‘ब्लॅक सॉक्स’चे बिंग फुटले, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय संघमालकाने कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीय संघांच्या निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली होती, कारण कृष्णवर्णीय खेळाडूंना दुसरे मैदानच उरलेले नव्हते. दोष एकट्या लँडिस यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, मालकही तितकेच वाटेकरी होते. पण जुगाराचा निकाल ज्यांनी एका दिवसात लावला, त्यांना या समझोत्याकडे पाहायला चोवीस वर्षांत सवड झाली नाही, एवढे तरी नोंदवायला हवे. त्यांच्या निधनानंतर वर्षाच्या आतच ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केल्याची घोषणा झाली आणि १५ एप्रिल १९४७ रोजी तो डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये खेळला. पुढे २०२० मध्ये सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारफलकावरून लँडिस यांचे नाव काढून टाकण्यात आले.

आता पहिल्या चौकटीकडे वळतो. ‘मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण?’ या प्रश्नाला ‘जॅकी रॉबिन्सन’ हे उत्तर सर्रास दिले जाते, पण मोझेस फ्लीटवुड वॉकर हा यष्टिरक्षकासारखी जबाबदारी सांभाळणारा कॅचर १८८४ मध्येच टोलेडोच्या संघातून त्या पातळीवर खेळला होता. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या खालच्या पातळीवरील लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीयांशी यापुढे नवे करार न करण्याचा ठराव केला आणि उघडे असलेले दार लोटले गेले. रॉबिन्सनचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट त्याच्यासमोर काय होते ते नीट कळते. घोड्यांच्या शर्यतीतही हेच झाले. १८७५ ची पहिली केंटकी डर्बी ही अमेरिकेतील प्रतिष्ठेची शर्यत ऑलिव्हर लुइस या कृष्णवर्णीय जॉकीने जिंकली आणि पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. नंतर गोऱ्या जॉकींची दांडगाई आणि मालकांची पाठ यांमुळे ते शर्यतींतून जवळजवळ दिसेनासे झाले. केवळ ‘पहिला कोण?’ असे विचारले, की गुणवत्ता जणू उशिरा उगवली असा मुलांचा समज होतो.

काहींच्या बाबतीत तर अग्रणी असणे हाच घोटाळा ठरवला गेला. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन मुष्टियुद्धातील हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. त्याला धडा शिकवण्यासाठी निवृत्त गोरा माजी जगज्जेता जेम्स जेफ्रीज याला पुन्हा रिंगणात आणले गेले, तर ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्यालाही हरवले आणि त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या. रिंगणात जमले नाही ते न्यायालयात साधले. अनैतिक हेतूने स्त्रियांना राज्याबाहेर नेण्यास बंदी करणाऱ्या मान कायद्याखाली १९१३ मध्ये गोऱ्या ज्युरीने त्याला दोषी ठरवले. या शिक्षेला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती मे २०१८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सात दशके उलटल्यावर. जॉन्सनने १९१५ मध्ये किताब गमावल्यानंतर पुढचा कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता, जो लुइस, १९३७ पर्यंत झाला नाही. हे सारे आपण कोणत्या चौकटीत बसवणार? मेक्सिकोतील १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये वर्णभेदाच्या निषेधार्थ विजयमंचावर मुठी उंचावणारे अमेरिकी धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनाही तेव्हा संघातून निलंबित करून परत धाडण्यात आले होते.

शेवटी आमच्या नागपूरचा प्रश्न. सामनानिश्चितीच्या प्रश्नात आपण दक्षिण आफ्रिकेचा तेव्हाचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएचे नाव दिले आहे, पण १९ मार्च २००० रोजीच्या सिव्हिल लाइन्समधील व्हीसीए मैदानावरील एकदिवसीय सामन्याचा उल्लेख नाही. त्या सामन्यासाठी क्रोनिएने आपल्याच संघातील हर्शेल गिब्जला वीसपेक्षा कमी धावा करण्याचे, तर हेन्री विल्यम्सला पन्नासहून अधिक धावा देण्याचे, प्रत्येकी १५ हजार डॉलरचे आमिष दाखवले होते. दोघांनी होकार दिला, प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा कुटल्या आणि विल्यम्स आपल्या दुसऱ्याच षटकात दुखापतीमुळे बाहेर गेला. वर्णद्वेषी राजवटीच्या वर्गवारीत हे दोघे ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय गणले गेले होते. ज्या संघाची दारे त्या समाजाला नुकतीच उघडली होती, त्या संघातल्या अशाच दोन खेळाडूंकडे गोऱ्या कर्णधाराने ही मागणी करावी आणि त्यांना ‘नाही’ म्हणता येऊ नये, यात पैशाच्या लोभापलीकडचे काही तरी आहे असे मला वाटते. दोघांनाही सहा महिन्यांच्या बंदीची शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. पण याच देशाच्या सरकारने १९६८ मध्ये बेसिल डॉलिव्हेरा हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा ‘कलर्ड’ खेळाडू संघात आहे म्हणून इंग्लंडचा दौरा होऊ दिला नव्हता, हा प्रसंग त्याच पानावर असता, तर विद्यार्थ्यांनी या दोन गोष्टी एकत्र वाचल्या असत्या.

पुढील मंजूषेसाठी दोन उत्तरे अद्ययावत करावीत, अशी विनंती आहे. ‘ब्लॅक सॉक्स’मधील खेळाडू ‘आजही बंदीत’ आहेत असे आपण छापले आहे. मे २०२५ मध्ये आयुक्तांनी ही बंदी खेळाडूच्या मृत्यूबरोबर संपते असा निर्णय दिला आणि शूलेस जो जॅक्सनसह त्या सर्वांची नावे यादीतून गेली. तसेच बेसबॉलमधील कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरी टाय कॉबची नसून निग्रो लीगमध्ये खेळलेल्या जॉश गिब्सनची, .३७२ अशी आहे, कारण मे २०२४ मध्ये निग्रो लीगमधील नोंदी अधिकृत आकडेवारीत समाविष्ट करण्यात आल्या. गिब्सनचे निधन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी झाले होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर