सईचा ड्राइव्ह आणि तुझी पाठ

मडगाव,
आषाढातला एक मंगळवार

प्रिय मंदे,

तब्येती ठीक. माझी बीपीची गोळी चालू, दिलीपचा गुडघा जैसे थे. आता मुद्द्याचं. इथं कुणाला सांगायला गेलं की "मग त्यात काय एवढं?" असं उत्तर येतं. तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले.

सईच्या नव्या गोल्फ कोचनं तिला सांगितलं, तुझा ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) 205 यार्ड, आणि एलपीजीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक टूरच्या, मुलींची सरासरी 255च्या आसपास. "हे पन्नास यार्ड कुठून आणणार?" पोर पंधरा वर्षांची गो! त्या दिवसापासून पटर (चेंडू भोकात ढकलायची काठी) कपाटाच्या मागे, चिपिंग (जवळचे छोटे फटके) बंद, रोज नुसता ड्रायव्हर (लांब मारायची काठी), तोही दातओठ खाऊन. परवा रात्री कमरेला शेक देत होते तर विचारते, "आई, मी नेली कोर्डाएवढी उंच नाही ना होणार?" नेली म्हणजे अमेरिकेची अव्वल गोल्फर. मी म्हटलं, बाई, नेलीचा बाप टेनिसमध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला, आईही टेनिस खेळलेली. तुझे आजोबा तालुक्याचे कॅरम चॅम्पियन. आहे त्यात भागव. हसली नाही. आपल्या घरात या विनोदाला न हसणं म्हणजे ताप असण्यासारखं आहे.

शेकाची पिशवी हातात, आणि मला तू आठवलीस. तुझा लेगस्पिन, आणि पीटीच्या सरांचं ते "हे काय गोल गोल टाकतेस, जोरात टाक!" पुढचं तुझ्या पाठीला विचारावं. मी तेव्हा सरांच्या बाजूनं होते असं तू दर चतुर्थीला ऐकवतेस. मी गप्प होते, बाजूनं नव्हते. यंदा हे एकदा लिहूनच देते, म्हणजे मोदक तरी सुखानं खाता येतील.

पंचाईत अशी की कोच खोटं बोलत नाही. चारशे यार्डांची पार फोर धर, म्हणजे चार फटक्यांत संपवायचं होल. नेली ड्राइव्ह मारते आणि उरलेल्या एकशे तीस-पस्तीस यार्डांसाठी आठ नंबरची आयर्न (कमी पल्ल्याची काठी) काढते. चेंडू उंच जाऊन ग्रीनवर, भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, अलगद बसतो. सईला त्याच जागी एकशे पंचाण्णव उरतात. ती वूड (लांब पल्ल्याची काठी) घेऊन झोडणार, चेंडू खालून जाणार आणि ग्रीनवरून घसरत पलीकडे. हे अठरा वेळा, चार दिवस. पटिंगनं किती भरून काढणार?

आणि लगेच मला आपली गोल्फर अदिती अशोक आठवते. 2021 चा तो ऑगस्टमधला शनिवार, टोकियो ऑलिम्पिकचा शेवटचा राउंड. पहाटे फोन करून तुला उठवलं तर तू म्हणालीस, "चार बायका गवतातून चालताहेत, यात बघायचं काय?" आणि साडेनवाच्या सुमाराला तूच फोनवर श्वास रोखून होतीस! अदिती जवळजवळ प्रत्येक ड्राइव्हला नेलीच्या कितीतरी मागे. सगळ्यांत आधी दुसरा फटका मारायची पाळी तिचीच. तरी शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत, ते कशावर? पटरवर. नेली 17 अंडर (पारपेक्षा 17 फटके कमी), मोने इनामी आणि लिडिया को 16, अदिती 15. एका फटक्यानं चौथी. संध्याकाळी नीरजनं भाला फेकला आणि देश अदितीला विसरला. तू मात्र रात्री मेसेज केलास, "त्या पोरीला लांब मारता आलं असतं तर?" मला तेव्हा तुझा राग आला होता. सध्या तोच प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय.

मग मी कोरियाची इन्बी पार्क काढते. ड्राइव्ह बेताचा, आणि सात मेजर (सगळ्यांत मोठ्या स्पर्धा), शिवाय रिओचं सुवर्ण. मग उंचीचं म्हणशील तर फिलिपिन्सची बियांका पागदांगानान. जेमतेम पाच फूट चार इंच, आणि 2020 मध्ये एलपीजीएत सगळ्यांत लांब मारणारी, सरासरी 280च्या वर. म्हणजे दोन्ही बाजूंचे साक्षीदार माझ्याकडे आहेत, निकाल तेवढा नाही.

दिलीपची गंमत ऐक. "बायकांचं गोल्फ" म्हणून नाक मुरडणारा हा गृहस्थ बेंगळुरूला ट्रॅकमनवर, फटका मोजायच्या यंत्रावर, उभा राहिला. क्लबचा, म्हणजे काठीचा, वेग ताशी 94 मैल. एलपीजीएची सरासरीही साधारण तेवढीच! पण त्या मुलींचा चेंडू हवेतूनच 218 यार्डांच्या आसपास जातो, याचा दोनशेच्या आतच धापा टाकतो, तोही उजवीकडे वळून. त्या मुली काठी वर जाता जाता चेंडूला मारतात, बरोबर मधोमध. दिलीप वरून कुऱ्हाड घालतो. गाडीत घरी येईपर्यंत तो बोलला नाही. बोलला ते थेट अनमोडला, चहा घ्यायचा का म्हणून.

त्यावरून सुचलं. रविवारी सईच्या ड्रायव्हरच्या तोंडावर टाल्कम पावडर फासली आणि म्हटलं, मार. प्रत्येक फटक्याला पांढऱ्यावर चेंडूचा गोल ठसा उठतो. एक टाचेकडे (दांड्याजवळच्या टोकाला), एक खालच्या कडेला, परत टाचेकडे. जितकी जोरात मारत होती तितके ठसे मधल्या भागापासून लांब पळत होते. एकदाच म्हटलं, सत्तर टक्क्यांनी मार. ठसा मधोमध, आणि चेंडू सगळ्यांच्या पुढे. तिनं तो ठसा बोटानं पुसला, "योगायोग" म्हणाली आणि पुन्हा दातओठ.

शिवाय ते 205 मोजलं कुठं? टूरवर शक्यतो विरुद्ध दिशेच्या दोन होलवर मोजतात, वाऱ्याचा हिशेब फिटावा म्हणून, आणि घरंगळत गेलेलंही धरतात. सईचं मोजलं काणकोणला, भर पावसाच्या दिवसांत, समुद्राच्या वाऱ्यावर तोंड करून. चेंडू पडला तिथंच चिखलात रुतला! हे कोचला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही हौशी आहात." आहेच. माझा ड्राइव्ह दीडशे गेला तर मी घरी पेढे वाटते. पण फीचा चेक हौशीच्याच सहीनं वटतो ना.

हो, माहीत आहे, तू म्हणशील गोल्फ हवंच कशाला. तेरेखोलचे लोक गोल्फ कोर्सला नको म्हणत उभे राहिले तेव्हा तू त्यांच्या बाजूनं माझ्याशी महिनाभर बोलत नव्हतीस. तिथं तुझंच बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही, निदान लेखी.

तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? केतनच्या लग्नाचं शिल्पाकडून कळलं, तुझ्याकडून नाही, ते वेगळं भांडण. सांगलीचा फ्लॅट गळतोय म्हणे, बिल्डरला सोडू नकोस.

काम एवढंच. सईला तू फोन कर. माझ्या सांगण्यावरून नाही, असाच. आणि पाठीचं सांग. त्या सामन्याचं सांग, नंतर सहा महिने दप्तर कुणी उचललं तेही सांग, हवं तर सरांच्या बाजूनं मी होते असंही ठोकून दे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. मात्र "ड्राइव्ह सोड" म्हणू नकोस. तिला लांब मारायचंच आहे, आणि खरं सांगू, मलाही तिनं मारायला हवंय. फक्त पंधराव्या वर्षी कंबर मोडून नको.

चतुर्थीला येताना खपली गहू आण, इथं मिळतात ते खरे नव्हेत.

तुझी,
विजू