हळदीच्या खळ्यावरचा सरकता मांडव

कुपवाड, जि. सांगली
९ डिसेंबर

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबत आबांनी काढून दिलेला खळ्याचा कच्चा नकाशा मिळाला. हळद काढणीला अजून अवकाश असल्यामुळे वाळत्या हळदीला पावसापासून वाचवणारे आच्छादन करण्याचे हे काम घाईने न उरकता नीट विचार करून करता येईल, याचे समाधान वाटते. कायमची पत्र्याची शेडच घालावी का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ती घालू नये. शिजवलेली हळद वाळायला दहा ते पंधरा दिवस चांगले ऊन लागते, आणि तासाभराच्या पावसासाठी एवढ्या दिवसांचे ऊन अडवणे शहाणपणाचे नाही. शिवाय त्याच खळ्यावर तुमची सोयाबीनची मळणी होते आणि ट्रॉलीही तिथेच वळते.

नुसत्या ताडपत्रीवर भागत नाही, हे तू दरवर्षी पाहतोसच. दोन-तीन इंचांच्या थरात पसरलेल्या ओल्या हळकुंडांवर ताडपत्री टाकली की आतली वाफ कोंडते, ताडपत्रीला खालून घाम धरतो आणि तेच पाणी पुन्हा हळदीवर ठिबकते. मग हळकुंडांवर बुरशी धरते, रंग उतरतो आणि बाजारात भाव पडतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते टिकवायचे असेल तर आपल्या खळ्यांची व्यवस्थाही त्या तोलाची हवी, असे मला मनापासून वाटते. म्हणून आच्छादन हळदीपासून उंच, बाजूंनी मोकळे आणि पाऊस थांबताच पूर्ण दूर सरकणारे असावे.

अशा मांडवाचा खरा शत्रू पाऊस नसून वारा आहे. वळीव येतो तो आधी वावटळ घेऊन, आणि मांडव नेमका त्याच वेळी पसरायचा असतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तुझे खळे २० फूट रुंद आणि ३० फूट लांब, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर आहे. वारा ताशी ७२ किलोमीटर वेगाचा असेल तर एवढ्या कापडावर ढोबळमानाने साडेतेराशे किलोंचा जोर येतो, आणि तो बहुतांशी वर उचलणारा असतो. इमारतींवर येणाऱ्या वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिला आहे. मी हिशेबाला तोच धरला, तेव्हा जोर सव्वापाच टनांच्या आसपास गेला. म्हणून आठही खांबांखाली २ फूट लांब, २ फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा धरला आहे. एकेका ठोकळ्याचे वजन साडेनऊशे किलोंच्या घरात जाते. हा खर्च तुला जास्त वाटेल, पण यात काटकसर करू नकोस. कापड कमानींना बांधणारी दोरी मात्र मी मुद्दाम कमी ताकदीची ठेवणार आहे, कारण अगदी अघटित वारा आला तर कापड सुटून गेलेले परवडेल, पण लोखंडी सांगाडा उडून शेजाऱ्यांच्या घरावर पडता कामा नये.

आता रचनेबद्दल. खळ्याच्या दोन्ही लांब बाजूंना सात फूट उंचीवर सी-चॅनेलचे (इंग्रजी C च्या आकाराच्या लोखंडी पट्टीचे) रूळ, आणि त्यांवर चाकांनी सरकणाऱ्या, मध्ये आढे असलेल्या पाइपच्या सहा कमानी. सातवी कमान गोदामाच्या भिंतीशी पक्की. कमानींमधले अंतर पाच फूट. आढ्यापासून वळचणीपर्यंत दहा फुटांत अडीच फूट उतार दिला आहे, कारण एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला तरी या कापडावर १४०० लिटर पाणी येते, आणि उतार कमी पडला की कापडाला पोट सुटून तिथे पाणी साचते, साचले की पोट आणखी वाढते. चॅनेलचे तोंड वर न ठेवता खळ्याच्या आतल्या बाजूला ठेवायचे. त्यामुळे चाक चॅनेलच्या पोटात अडकून राहते, वाऱ्याने वर उचलले जात नाही, आणि धूळ व हळदीची माती आत साठत नाही.

सर्वांत जास्त विचार मला कमान तिरकी होण्यावर करावा लागला. वीस फुटी कमान एका बाजूने ओढली की ती बाजू पुढे जाते, दुसरी मागे राहते आणि चाके रुळांत आवळतात. यावर उपाय दोन तारदोरांचा आहे. पहिला दोर पुढच्या डाव्या खांबाला बांधायचा, तो पुढच्या कमानीच्या डाव्या पायाशी असलेल्या कप्पीवरून वळवून कमानीच्या आडव्या पाइपलगत उजव्या पायाकडे न्यायचा, तिथल्या कप्पीवरून वळवून मागच्या उजव्या खांबाला बांधायचा. दुसरा दोर याच्या बरोबर उलट. डावा पाय जेवढा पुढे जाईल तेवढाच उजव्या पायाला जावेच लागते. वास्तुरचनाकारांच्या ड्रॉइंग बोर्डावरची समांतर पट्टी याच युक्तीने सरकते. हे साधल्यावर एकटी वहिनीसुद्धा हातविंच फिरवून मांडव पसरू शकेल. मोटर आणि पावसाचा सेन्सर मी जाणूनबुजून टाळला, कारण वळवात सर्वांत आधी जाते ती वीज.

जर्मनीतील बाड हर्सफेल्ड येथे एका जुन्या, छत नसलेल्या मठाच्या चर्चवर वास्तुरचनाकार फ्राय ऑटो यांनी १९६८ साली उघडझाप करणारे कापडी छत बसवले. ते तारांवरून सरकत वर, डोलकाठीखाली एका जागी गोळा होते. आपले काम त्यापुढे अगदी लहान आहे, पण कापड वापरात नसताना कोठे आणि कसे राहणार, हा विचार आधी करण्याची शिस्त मी तिथूनच घेतली. आपला मांडव मिटल्यावर गोदामाकडची तीन फूट जागा व्यापेल, तेवढ्या पट्ट्यात हळद पसरू नका. कापड पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिस्टर, वजनाने चौरस मीटरला साडेसहाशे ग्रॅम, असे घेऊ. ते ओले असताना मिटावे लागले तर दुसऱ्या दिवशी पसरून वाळवा, नाहीतर घड्यांत बुरशी धरते.

तिरपा पाऊस मात्र बाजूंनी आत येणारच. त्यासाठी वळचण दीड फूट पुढे काढली आहे. तरी ढग दिसताच कडेची हळद मध्ये ओढून घ्यावी लागेल. खळ्याचे जोते सहा इंच उचलले तर बाहेरचे पाणीही शिरणार नाही.

माझी एकच मोठी काळजी आहे ती तुमच्या काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ठोकळे तिच्यातच राहिले तर वर्षा-दोन वर्षांत खांब कलतील, रूळ समांतर राहणार नाहीत आणि वरची सारी युक्ती वाया जाईल. तेव्हा एका कोपऱ्यात खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहा. साडेतीन फुटांत लागला नाही तर खोली वाढवू. खळ्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजून पाठव, कारण नकाशात ते काटकोनात दिसत असले तरी गोदामाची भिंत मला थोडी तिरकी वाटते. वळीव बहुधा कोणत्या बाजूने उठतो, तेही आबांना विचार. शक्य झाले तर मांडवाचे उघडे तोंड त्या बाजूला येऊ देणार नाही. हळद शिजवून देणाऱ्या कुकरवाल्याची तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे त्याच्या आधी पंधरा दिवस सांगाडा उभा करता येईल.

आबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर