फरशीला वेळ द्या, मावशींना बोल लावू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात प्रतीक्षालयाला व्हिनाइलची फरशी बसवून फार काळ झालेला नाही. तरी ती भिंतीच्या कडेने पिवळी पडली आहे, येण्याजाण्याच्या वाटेवर चिकट काळा पट्टा उमटला आहे आणि खुर्च्यांच्या पायांशी नखाने निघतील असे पारदर्शक पोपडे सुटले आहेत. परवा तिथले एक साहेब सफाईच्या मावशींना सगळ्या पेशंटांदेखत बोलत होते, "रोज पुसता की नुसतं पाणी फिरवता?" मावशी खाली मान घालून ऐकत होत्या. मी सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आणि पुढे एका रुग्णालयात हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून नोकरी केली. त्या अनुभवावरून सांगते, त्या मावशींनी दिवसभर पोचा मारला तरी तो पट्टा जाणार नाही. घाण फिनिशच्या, म्हणजे फरशीवर लावलेल्या चमकदार संरक्षक थराच्या, वर नाही, फिनिशच्या खाली अडकली आहे.

व्हिनाइलवर जे फिनिश लावतात ते पाण्यात विरलेलं अ‍ॅक्रिलिक असतं. डब्यात घट्ट भाग साधारण 20 टक्के, बाकी बहुतेक पाणी. पाणी उडून गेलं की उरलेले कण एकमेकांत मिसळून पातळ कडक पापुद्रा तयार होतो आणि चपला, ट्रॉलीची चाकं, वाळू यांचा मार तो पापुद्रा खातो, खालची फरशी वाचते. झिजला की काढायचा आणि नवा लावायचा, यासाठीच तो असतो. पण काढायला वेळ आणि पाणी लागतं, आणि ठेक्यात नेमकं तेच कापलं जातं. रात्री दहाला कामगार पाठवायचे आणि सकाळी आठला ओपीडी सुरू करायची, तर त्या पोरांनी काय करावं? जुन्या मळक्या थरावरच नवा कोट ओढतात. सकाळी चकाचक दिसतं, बिल पास होतं. महिन्याभरात फरशी पहिल्यापेक्षा काळी.

रीत अशी आहे. जुना थर स्ट्रिपरने, म्हणजे थर सोडवणाऱ्या रसायनाने, मऊ करायचा. स्ट्रिपर ओतून लगेच घासायला घ्यायचं नाही, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचा, पण वाळू द्यायचा नाही. मग सिंगल डिस्क मशीनला काळा पॅड लावून घासायचं. कडा आणि कोपऱ्यांत मशीन पोचत नाही, तिथे हातानेच खरवडावं लागतं. पिवळ्या कडा दिसतात त्या हे काम टाळल्यामुळे. चिखलासारखा राडा व्हॅक्यूमने उचलायचा आणि त्यानंतर साध्या स्वच्छ पाण्याने फरशी धुवायची, एकदा नव्हे, दोन-तीनदा. सगळं बिघडतं ते इथे. स्ट्रिपरचा पीएच 12-13 च्या घरात असतो, म्हणजे तो फार तीव्र अल्कली असतो. तो जरा जरी फरशीवर राहिला तरी वर लावलेलं फिनिश धरत नाही, पांढरी भुकटी होऊन निघतं. मी ओल्या फरशीला पीएचची पट्टी लावून बघायला लावत असे. पट्टी स्वस्त मिळते आणि साध्या पाण्याइतका रंग आला की वाद मिटतो.

कोट पातळच हवेत, तीन ते पाच. सारवण करताना जाड हात मारला की पोपडे धरतात, तसंच हे. कोरड्या हवेत एक कोट अर्ध्या-पाऊण तासात वाळतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात त्याच कोटाला दुप्पट वेळ द्यावा लागतो आणि पंखा थेट फरशीवर सोडून घाई केली तर वरचा थर आधी धरून खालचा ओला राहतो. थंडीचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा नाशकातल्या तळमजल्याच्या फरश्याही बर्फागत असतात आणि 10 अंशांखाली हे फिनिश नीट जुळून येत नाही. दिवाळीनंतरचे दिवस किंवा फेब्रुवारी-मार्च या कामाला उत्तम. फिनिशचा मॉप आणि बादली वेगळीच ठेवावी. फिनेलच्या बादलीत फिनिश ओतलेलं मी पाहिलं आहे, फार वाईट वाटतं.

कोरोनापासून सगळीकडे सॅनिटायझरची स्टँडं आली. त्यांच्याखाली पांढरे गोल डाग पडतात ते अल्कोहोलने फिनिश विरघळल्याचे. खाली छोटा ट्रे ठेवला की झालं. मावशींना त्यावरूनही बोलणी बसतात.

टाइल्सचं मात्र निराळं आहे आणि इथे मला काळजी वाटते. व्हिट्रिफाइड टाइल 0.5 टक्क्याहूनही कमी पाणी पिते, त्यामुळे फिनिशला धरायला जागाच नसते. ते सुटतं आणि ओलं झालं की घसरतं. डब्यावर घसरण-चाचणीचा आकडा असतो तो कोरड्या फरशीचा. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावरून ओल्या पायांनी लोक धर्मशाळांत, मंगल कार्यालयांत, दवाखान्यांत शिरणार, त्यात म्हातारी माणसं किती असतील! अशा दारातल्या टाइल्सना चमक आणायला कोणी काही लावू नये. टाइल्सना संरक्षण हवंच असेल तर ते सिमेंटच्या सांध्यांना, मुरणाऱ्या सीलरचं. आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड फरशीवर नको. त्याने सांधे खाल्ले जातात, शहाबादी आणि कोट्याची तर पार वाट लागते.

माझी मागणी एवढीच आहे. सरकारी असो वा खासगी, ज्या इमारतीत व्हिनाइल आहे तिथल्या सफाईच्या ठेक्यात जुना थर काढणं, धुणं आणि वाळवणं यांचे तास वेगळे लिहावेत आणि त्यांचे पैसेही वेगळे द्यावेत. कॉरिडॉर अर्धा-अर्धा बंद ठेवून काम करता येतं, आम्ही रुग्णालयात तसंच करत असू. काही नव्या व्हिनाइलवर कारखान्यातच पॉलियुरेथेनचा थर असतो, त्याला फिनिश लागतं का हे आधी बनवणाऱ्याला विचारावं. स्ट्रिपर हातात घेणाऱ्या प्रत्येकाला रबरी हातमोजे, गॉगल आणि न घसरणारे बूट मिळालेच पाहिजेत, कारण त्याने कातडी सोलते आणि ओली फरशी साबणापेक्षा निसरडी होते. हे ठेक्यात लिहिलेलं नसेल तर अधिकाऱ्यांनी त्यावर सही करू नये.

आपली,
एक निवृत्त हाउसकीपिंग सुपरवायझर
इंदिरानगर, नाशिक