जयगाव म्हणजे जळगावच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूच्या दुखापतीवरचा कालचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. कवटीला भोक पाडून बारीक तार आत सोडतात, मेंदूवरचा दाब सतत पडद्यावर दिसतो, आकडा २२ च्या वर गेला की उपचार सुरू. छान. सोबत छायाचित्र मात्र हृदयाच्या ठोक्यांच्या मशीनचं. चालायचंच.

डोकं फिरलं ते एका वाक्याने. टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघणं, पेशंटला नाव-गाव विचारून गुण देणं हे म्हणे 'जुन्या काळातलं'! शुद्ध मोजायची ग्लासगोची ती ३ ते १५ गुणांची पट्टी १९७४ ची आहे खरी, पण तार बसवायची की नाही हे आजही तिच्यावरून आणि सीटी स्कॅनवरून ठरतं. साधारण आठ किंवा खाली आलेल्या, बेशुद्ध पेशंटलाच ती बसवतात. बाकीच्यांचं काय?

आमचे आप्पा मागच्या वर्षी पारोळ्याजवळ हायवेवर मोटारसायकलवरून पडले. जळगावला नेलं तेव्हा शुद्धीवर होते. सिस्टरने विचारलं, "बाबा, कुठे आहात?" आप्पा म्हणाले, "जयगावले." आमच्या खानदेशी अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो हो, डोळ्यालाही आम्ही डोया म्हणतो. सिस्टर बाहेरगावच्या. त्यांनी लिहिलं, 'गोंधळलेले', १५ पैकी १४. मी शेजारीच उभा होतो. चौदा म्हणजे चांगलेच मार्क, असं वाटून गप्प बसलो.

पहाटे तीनला आप्पा मला आमच्या वारलेल्या काकांच्या नावाने हाका मारू लागले. सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "ते पहिल्यापासून चौदाच आहेत, फरक नाही." फरक सात वाजता दिसला. उजवी बाहुली मोठी झाली होती. पुन्हा सीटी, मग ऑपरेशन. आप्पा वाचले, पण डाव्या हातात अजून पेला धरवत नाही.

बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ पेशंटवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तार बसवलेले आणि नुसत्या तपासणी-सीटीवर सांभाळलेले, यांच्यात फारसा फरक निघाला नाही. तुमच्या लेखकाला हे माहीत नसेल असं मी म्हणत नाही. जागा कमी पडली असेल. खालच्या अर्ध्या पानात दागिन्यांची जाहिरात होती.

आणि हो, तुम्हाला अहिराणी आठवते ती वांग्याच्या भरताच्या हंगामात, पुरवणीच्या मथळ्यापुरती. त्या मथळ्यातही मागच्या वेळी दोन चुका होत्या.

दुरुस्ती छापणार असाल तर छायाचित्राचीही छापा.

आपला,
एक वाचक, पारोळा