धक्क्यावरच्या अनोळखी हातांना

बेळगावच्या खानावळीत बांगडा ताजा लागतो, त्याचं श्रेय आमच्या तव्याला नाही. ते वेंगुर्ला, मालवणच्या धक्क्यावर पहाटे बर्फ फोडणाऱ्यांचं. किलोभर मासळीला किलोभर बर्फ, तोही बारीक फोडलेला. मोठ्या खड्यांमध्ये पोकळी राहते आणि तिथला मासा मऊ पडतो. तळाला बर्फ, मग पोट खाली करून मासळी, वर पुन्हा बर्फ. क्रेटची भोकं मोकळी हवीत, नाहीतर वितळलेल्या पाण्यात भिजून मासा फिका होतो. आणि बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, ते कितीही तळलं तरी जात नाही. म्हणून तुमची ती घाई आम्हाला लाखमोलाची.

आंबोली, चोर्ल्याच्या घाटातल्या धुक्यातून रातोरात गाडी वर आणणाऱ्या चालकांनो, तुमचेही आभार.

आणि मासळी विकणाऱ्या मावश्यांनो, तुमचे सगळ्यात जास्त. कल्ला उघडून लाल रंग दाखवता, सुरमईचा तुकडा बोटभर जाडच कापता. पातळ कापला तर रवा खरपूस होईतो आतलं मांस कोरडं पडतं. गिऱ्हाईक हातचं जात असलं तरी ‘ही कालची, घेऊ नको’ असं सांगता. तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. मनापासून आभार!