ठेवीदारांचा कायदा, पण चर्चाच नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

बँक अडकली की टीव्हीवर रांगा दिसतात, रडणारी म्हातारी माणसं दिसतात, महिनाभरात विषय संपतो. पण पुढे संसदेत काय झालं हे कुणी बघत नाही म्हणून लिहितोय.

२३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा पैसे काढायचं सुरुवातीचं लिमिट होतं सहा महिन्यांत फक्त १००० रुपये! पोरीच्या लग्नाचे, ऑपरेशनचे पैसे अडकलेली मुंबई-ठाण्यातली माणसं अक्षरशः रस्त्यावर आली. बहुतेक कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर ग्रुपला आणि ते लपवायला हजारो खोटी खाती, एवढं सगळं ऑडिट होत असताना चाललं. मार्च २०२० मध्ये येस बँकेवरही निर्बंध आले. त्याआधी फेब्रुवारीत ठेवींचा विमा १ लाखावरून ५ लाख झाला होता, ते चांगलंच झालं, पण १ लाखाची मर्यादा १९९३ पासून तशीच होती हेही लक्षात घ्या.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या महामंडळाच्या (डीआयसीजीसी) कायद्यात दुरुस्ती आली, निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ५ लाखांपर्यंतचे पैसे द्यायचे. ठेवीदारांसाठी एवढा महत्त्वाचा कायदा, आणि तो आधी राज्यसभेत मग ९ ऑगस्टला लोकसभेत, दोन्हीकडे पेगॅसस फोन-हेरगिरी प्रकरणाच्या गदारोळात आवाजी मतदानानं पास! विरोधक घोषणा देत होते, सरकारनं त्याच गोंधळात बिल उरकलं, दोघंही जबाबदार आहेत.

त्याच कायद्यात एक पोटकलम आहे की बँकेचं विलीनीकरण वगैरे चालू असेल तर मुदत आणखी ९० दिवस वाढवता येते. आणि त्याच कारणानं पैसे मिळणाऱ्या बँकांच्या पहिल्या यादीतून पीएमसीचेच ठेवीदार बाहेर राहिले, ज्यांच्या हालांमुळे हा विषय एवढा पेटला होता तेच! जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण ५ लाखांवरची रक्कम मिळणार हप्त्याहप्त्यानं, १० वर्षांपर्यंत. नीट चर्चा झाली असती तर हे पोटकलम कुणीतरी वाचून दाखवलंच असतं, चांगल्या आणि खिळखिळ्या बँकेला विम्याचा हप्ता तेव्हा सारखाच का होता हेही विचारलं असतं, आणि अर्थमंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागलं असतं.

आधी असं होत नव्हतं का? १९९२ च्या शेअर घोटाळ्यात बँकांचा पैसा गेला तेव्हा संयुक्त संसदीय समिती बसली, अहवाल आल्यावर अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला नाही हा भाग वेगळा. २००१ मध्ये शेअर दलाल केतन पारेख आणि गुजरातच्या माधवपुरा सहकारी बँकेच्या घोटाळ्यातही समिती बसली. पीएमसीसाठी का नाही?

माझी आपल्या मुंबई-ठाण्याच्या खासदारांना, सत्ताधारी असोत की विरोधी, सरळ विनंती आहे, त्या दिवशी सभागृहात तुम्ही काय करत होता आणि बँकांचं पुढचं बिल आलं तर चर्चेसाठी किती वेळ मागणार, हे याच सदरात लिहून कळवा.

आपला,
एक ठेवीदार, ठाणे