मिशीवाल्या चेहऱ्यांसाठी, स्पीच थेरपिस्ट ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पेढेसुद्धा परत केलेत, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

पॅरालिसिसनंतर आबांची वाचा गेली, तेव्हा पहिल्या वॉर्डात सगळे त्यांच्या डोक्यावरून आमच्याशी बोलायचे. ‘पेशंटला कळत नाहीये.’ हरिपाठ सुरात म्हणतात पण ‘पाणी’ निघत नाही, म्हणजे नाटक, असंही एकाने ऐकवलं. भिंतीवर सहा तोंडांची पट्टी होती, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा. आबा रोज शेवटच्या रडक्या तोंडावर बोट ठेवायचे आणि रोज पेनकिलर मिळायची. ती पट्टी फक्त दुखणं विचारते. दुसरं काही विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

याला अफेजिया म्हणतात, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शब्द अडकतात, पण समज बऱ्याचदा शाबूत राहते, हे तुम्ही सांगितलंत. आम्हाला नाही, आबांना. मग चेहऱ्यांचा कागद काढलात. चिंता, राग, कंटाळा, लाज, एकटेपणा. आबांकडे एकदा नीट पाहिलंत, पर्समधून स्केचपेन काढलंत आणि बसल्या बसल्या एकेका तोंडाला मिशी काढलीत. झुपकेदार, अगदी आबांची. ‘बालवाडीतली तोंडं कशाला दाखवायची यांना,’ एवढंच म्हणालात. आबा झटक्यानंतर पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने का होईना. कागद त्यांच्या चालत्या, डाव्या हाताशी ठेवलात. आम्ही उत्तरं सुचवायला लागलो, तर हातानेच गप्प केलंत.

बोट ‘लाज’वर गेलं. मग फोटोंच्या कागदावर आधी डायपर, नंतर पाहुणे. भेटायला आलेल्यांच्या देखत त्यांचं डायपर बदललं जात होतं. पडदा होता, पण तो ओढायला कुणाला सवड नव्हती. त्या दिवसापासून पडदा ओढला जाऊ लागला आणि आबांचं बोट रडक्या तोंडावर जाईनासं झालं.

पदव्या भिंतीभर लावलेली माणसं आम्ही या दिवसांत पुष्कळ पाहिली. माणसाला माणूस समजायला त्यातली एकही लागत नाही. तुमच्याकडे तर पदवीही आहे.

तो कागद आता लॅमिनेट करून फ्रिजजवळ टांगलाय. आत्या आल्या की आबांचं बोट थेट ‘कंटाळा’वर. आत्या चष्मा लावून वाचतात आणि चहा न घेता निघतात.

आपला,
आबांचा मुलगा